भाऊंचे हात

मुलुंड,
२७ जानेवारी १९८४

चि. श्यामसुंदर यास वनमालाताईचे अ. आ.

नीलाने पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांनी खाल्ले.

आता मुद्द्याचे. आपले थोरले भाऊ ज्यावर मुलांना उडायला शिकवत, ते दोन मजली पंखांचे, कापडाने मढवलेले जुने विमान जुहूच्या क्लबाने दुरुस्त केले आहे. १२ फेब्रुवारीला, रविवारी, ते उडवणार. भाऊंचा शिष्य माणिक मागे बसून चालवील, आणि पुढे, शिकवणाऱ्याच्या जागी, भाऊ बसतील. विमान वळवायची स्टिक दोन्हीकडे असते. मध्येच थोडा वेळ विमान भाऊंच्या हाती द्यायचे ठरले आहे. बासष्टाव्या वर्षी नवरदेवासारखी तयारी चालली आहे. चामड्याच्या टोपीला रोज तेल चोळतात.

पण परवा स्वयंपाकघरात त्यांना घेरी आली. कपाट धरले म्हणून पडले नाहीत. दिवाळीपासून हे चालू आहे. विचारले की पित्त म्हणतात. श्यामला कळवलेस तर या घरात राहणार नाही, असेही म्हणाले. म्हणून लगेच कळवते आहे. माणिकला यातले काही ठाऊक नाही. तू काहीतरी कर रे.

माया आहेच, ती पत्रात मावत नाही.
तुझी,
ताई

*

अंधेरी,
१ फेब्रुवारी १९८४

ती. भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला येणाऱ्या घेरीविषयी मला समजले आहे. कोणाकडून, याची चौकशी कृपया त्या घरात करू नये.

विमान तुमच्या हाती असताना तसे घडले, तर मागे बसलेल्या माणिकला सावरण्यास अवधी मिळेलच, असे नाही. त्याला दोन लहान मुली आहेत. ही गोष्ट त्याला तुम्ही स्वतः सांगावी, हे उचित. उड्डाणापूर्वी तुम्ही सांगितली नाही, तर मी सांगेन. हे पत्र धमकीचे वाटेल. ते तसे आहेच. तुमच्यापुढे मी आजवर आवाज चढवलेला नाही आणि आताही चढवत नाही, केवळ लिहितो आहे.

आपला लोभ आजवर होता तसा यानंतरही राहावा, ही प्रार्थना.
आपला,
श्यामसुंदर

*

अंधेरी,
१३ फेब्रुवारी १९८४

ती. वनमालाताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊंचे उत्तर आले नाही. काल मी जुहूला वेळेआधीच पोचलो. माणिकने आपल्या हाताने चहा आणून दिला. शेजारी भाऊ टोपीचा पट्टा आवळत होते आणि इतके प्रसन्न दिसत होते, की मी फक्त वाऱ्याची चौकशी केली. विमान निघून गेले.

समुद्रावरून वळून ते आमच्यावर आले, तेव्हा भाऊंचे दोन्ही हात डोक्याच्या वर ताठ दिसले. हलत नव्हते. मला वाटले, संपले. मी धावत सुटलो आणि भेटेल त्याला सांगत गेलो, की माझ्या भावाला घेरी येते, त्याने ती लपवली आहे, कोणीतरी विमान उतरवा. घंटा झाली, बंब धावला, स्ट्रेचर आले. विमान अलगद टेकले. भाऊ स्वतःच्या पायांनी उतरले, स्ट्रेचर पाहिले, आणि हे कोणी मागवले, असे विचारले. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. काही जण हसले. भाऊ माणिकच्या गाडीत बसून गेले.

घरी काय म्हणतात? आज कचेरीत माझी साधी बेरीज जुळली नाही. प्रत्येक विमानाच्या आवाजाला मी खिडकीशी जातो. नीला म्हणते, पेपरवेट ठेवायला हवा माझ्यावर.

उलट टपाली चार ओळी लिहिशील, तर तोच आशीर्वाद समजेन.
तुझा,
श्यामसुंदर

*

मुलुंड,
१५ फेब्रुवारी १९८४

चि. श्यामसुंदर यास अ. आ.

ताईला मीच म्हटले, की तिला आलेल्या तुझ्या पत्राचे उत्तर मी देतो.

मला लिहिलेले तुझे पत्र आल्यावर मी आठवडाभर मनात तुझ्याशी भांडलो. मग शनिवारी माणिककडे जाऊन सगळे सांगितले. तो म्हणाला, सर, पुढे तुम्हीच बसा, पण स्टिकला हात लावायचा नाही. कबूल केले. एके काळी मी हे मुलांना सांगत असे.

मागच्याला पुढच्याचे हात दिसत नाहीत. त्यामुळे विमान पुरते शिष्यावर सोपवले, की आम्ही दोन्ही हात वर काढून दाखवायचो. रविवारी मी ते वरच ठेवले. खारदांड्याच्या होड्या दिसल्या तेव्हा एकदा आपोआप खाली गेले. मांड्यांवर आपटून पुन्हा वर केले. मनगटे वाऱ्याने बधिर झाली होती.

बंबाबद्दल माझा राग नाही. लोक हसले, हसोत. राग निराळा आहे. मी माणिकला सांगितले होते, हे तुला ठाऊक नव्हते. तरीही त्याने दिलेला चहा पिऊन तू गप्प बसलास. मी खरोखरच लपवले असते, तर त्याच्या मुलींपुढे कोणते तोंड घेऊन उभा राहणार होतास? माझा मान राखला म्हणून सांगणार होतास?

शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचे आहे. वनमाला नको, ती डॉक्टरलाच औषध सांगते. तू चल. तेथे मी काही दडवू लागलो, तर मी थोरला आहे हे बाजूला ठेव आणि माझ्यासमोर, तेथल्या तेथे बोल.

नीलाला व तुला आशीर्वाद. साडेनऊला वाट पाहतो.
भाऊ