चौदातले तेरा

५ जानेवारी, रविवार

पहिला वेंडलच आला. दोनला बोलावलेलं, हा दीडला दारात! बर्फ काढायची गाडी तशीच अंगणात आणून लावली, वरचा पिवळा दिवा गरागरा फिरतोय. समोरची फिलोमेन पडदा सारून बघत होती — तिला वाटलं असेल, रुग्णवाहिका आली, म्हातारी लुडिविन गेली वाटतं! बघू दे. मग अ‍ॅनिक आली, कामावरच्या कपड्यांतच. नदीकाठच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत मदतनीस आहे ती. तिसरी घरातलीच, माझी नात जोझेट. तिघांनाही वकील व्हायचंय. वेंडल चव्वेचाळीस वर्षांचा घोडा! म्हटलं, "तू वकील होईस्तोवर तुझे आरोपी म्हातारपणानं मरतील." तर म्हणतो, "काकू, तुमचा खटला मी फुकट लढवीन." "माझ्यावर कसला रे खटला?" "असले जाड प्लोय लोकांना खायला घालता, त्याचा." मेल्यानं ती आमची कुट्टूच्या पिठाची धिरडी सात खाल्ली. वर काकवीसारखं मोलॅसिस.

आता दर रविवारी आणि बुधवारी माझ्याच स्वयंपाकघरात अभ्यासाला बसणार. इथे शेगडी आहे ना, म्हणून. मला बरंच वाटतं. घरात आवाज असतो. पण उठबस फार होते, गुडघे बोलायला लागलेत.

वकिलीच्या कॉलेजात शिरायच्या आधी यांची एक परीक्षा असते. आठ फेब्रुवारीला, बँगरला जाऊन द्यायची. जोझेटची ही तिसरी खेप. दोनदा थोडक्यात राहिली. "या वेळी नाही जमलं तर सोडून देईन, आजी," म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

८ जानेवारी, बुधवार

काय गंमत असते या परीक्षेची! मला वाटलं कलमं पाठ करायची असतील. तसलं काहीच नाही. कुणीतरी काहीतरी ठासून म्हणतं. खाली पाच पर्याय. कधी विचारतात, कशानं याचं म्हणणं पक्कं होतं? कधी विचारतात, कशानं कच्चं होतं? बस्स. पक्कं करा नाहीतर कच्चं करा. आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर दुसरं काय चालायचं?

वेंडल वाचतो. पाद्री वाचतात तसा, खर्जात. "जे शेतकरी लवकर लावणी करतात त्यांना बटाटा जास्त निघतो. म्हणून सगळ्यांनीच लवकर लावणी केली तर सगळ्यांचाच बटाटा वाढेल." हे कच्चं करायचं होतं. मी भांडी घासत होते. पाठमोरीच म्हटलं, "अरे, लवकर लावणी कोण करतो? ज्याची जमीन उंचावर, निचऱ्याची, तो. खालच्या शेतात मे अखेरपर्यंत चिखल. बटाटा जमिनीमुळे जास्त निघतो, तारखेमुळे कशाला?"

वेंडलनं पुस्तकाच्या मागचं उत्तर काढून बघितलं. "काकू! तिसरा पर्याय. अगदी हेच."

मी चौथीतून शाळा सोडलेली बाई! जोझेट इतकी हसली, इतकी हसली. खूप दिवसांनी.

९ जानेवारी

दमले. सात वाजता झोपले.

१२ जानेवारी, रविवार

आज माझी चांगली जिरली. एका गावातल्या मांजरांचा प्रश्न होता. एक पर्याय असा — "त्या गावातली मांजरं उंदीर खात नाहीत." मी म्हटलं, खोटं! असलं गाव कुठे आहे ते दाखवा. वेंडलनं हात जोडले. "काकू, पर्याय कसाही असो, खरा धरायचा. हीच अट आहे. तो खरा असता तर त्या माणसाचं म्हणणं टिकलं असतं का, एवढंच बघायचं."

"म्हणजे कुणीही काहीही थाप मारावी आणि आपण खरी मानावी?"

"परीक्षेपुरती हो."

अ‍ॅनिक म्हणाली, "आमच्या इमारतीत दिवसभर मी हेच करते, आजी. चार नंबर खोलीतल्या विधवा बाई रोज सांगतात, नवरा गाडी काढतोय, येतोच वर. मी म्हणते, बरं."

मी कॉफी टाकली.

१९ जानेवारी, रविवार

उणे बावीस! तरी आले दोघं. वेंडलच्या मिशीला बर्फ. जोझेट सरपण आणायला मला जाऊच देत नाही. गेल्या हिवाळ्यात सरपणाच्या खोपटाच्या पायरीवरून मी पडले, तेव्हापासून. कंबर सहा आठवड्यांत बरी झाली. पण पोरगी बँगरची नोकरी सोडून इथे येऊन बसली ती बसलीच. तिची आई फ्लोरिडात, तिचं काय विचारायचं! नाताळाला संत्री पाठवते.

जोझेट एकोणतीस वर्षांची आहे. या गावात एकोणतिसाव्या वर्षी काय करायचं असतं? मला तेव्हा तीन मुलं होती — पण ते काही उत्तर नव्हे.

२६ जानेवारी, रविवार

आज घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवला. मी एका जागी बसून राहिले, चमचासुद्धा वाजवला नाही. वेंडलनं तपासला. त्याचा स्वतःचा बेताचाच. अ‍ॅनिकचा बरा. जोझेटचे 'पक्कं करा'वाले सगळे बरोबर! एकूण एक. आणि 'कच्चं करा'वाले चौदा होते, त्यातले तेरा चूक.

"तू प्रश्न उलटा वाचतेस," वेंडल म्हणाला. "हे बघ, कच्चं करा म्हटलंय तिथे तू दर वेळी सगळ्यात पक्कं करणाऱ्यावर खूण केलीस. प्रत्येक वेळी!"

"घाई होते," जोझेट म्हणाली.

"घाबरते ती," अ‍ॅनिक म्हणाली.

"माझ्या डोक्यातच नाही ते. जाऊ दे ना." असं म्हणून जोझेटनं बश्या उचलल्या. चेहरा बघितला मी तिचा. नापास झालेल्या माणसाचा नव्हता तो. ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचा होता.

२७ जानेवारी

रात्रभर डोक्यात तेच. चौदातले तेरा.

मी बटाट्याच्या गोदामात एकवीस वर्षं पट्ट्यापाशी उभी होते. बटाटा समोरून सरकत जातो, चांगला जाऊ द्यायचा, कुजका-चिरलेला उचलून मागच्या पिंपात टाकायचा. नवी पोरगी आली की चुकते. कसं चुकते? कुजका जाऊ देते, चांगला टाकते, परत कुजका टाकते. सगळी भेसळ. कळतच नसतं तिला, तर हात कुठेही पडतो.

आणि एक होती ऑरोर. तिच्या पिंपात नुसते चांगले! एकाहून एक टपोरे. मुकादम ओरडायचा, बाईला डोळे नाहीत म्हणून. आम्हा बायकांना ठाऊक होतं. पिंपातला माल संध्याकाळी कामगारांना फुकट न्यायला मिळायचा. ऑरोरला घरी सहा पोरं. तिच्याइतका बटाटा ओळखणारी अख्ख्या गोदामात नव्हती. ओळखल्याशिवाय नेमका चांगलाच कसा टाकणार?

पाच पर्याय असतात. ज्याला येत नाही त्याची खूण कधी इथे, कधी तिथे. चुकून बरोबरही येतं. दर वेळी नेमकं सगळ्यात उलटं उत्तर उचलायचं, तर आधी दोन्ही ओळखता यायला हवीत.

पोरीला येतंय! सगळं येतंय. मुद्दाम चुकतेय.

कशासाठी ते मला कुणी सांगायला नको. पास झाली तर पोर्टलंडला कॉलेजात जावं लागेल, तीन वर्षं. इथे मी, शेगडी, आणि ती पायरी. "आजी, तुझ्यासाठी थांबते" असं म्हणाली असती तर मी तिला झाडूनं घालवली असती, हे तिला माहीत आहे. म्हणून नापास व्हायचं. दोनदा झालीच की.

किती वेळ बिछान्यात बसून होते. पाय गार पडले तरी कळलं नाही. हसू की रडू, काही सुचेना. एवढी हुशार! आणि एवढी गाढव!

३० जानेवारी, गुरुवार

आज थाप मारली. ऐंशी वर्षांत एवढी मोठी कधी मारली नसेन.

सकाळी प्लोय तव्यावर असतानाच म्हटलं, "जोझेट, मी नदीकाठच्या इमारतीत खोली घेतलीय. ऑगस्टपासून."

तिचा काटा हातातच राहिला. "तू?"

"मीच. ऑक्टोबरातच नाव दिलं."

"शक्य नाही. तिथे दोन वर्षांची रांग आहे."

"असेल."

"आणि ऑक्टोबरात कशी जाशील? मेपलचं झाड पडून रस्ता बंद होता, तुला गाडी चालवता येत नाही. आणि मागच्याच आठवड्यात तू पुढच्या हिवाळ्याचं सरपण सांगून ठेवलंस, सहा ढीग. घर सोडणारी बाई सरपण कशाला सांगेल?"

एकामागून एक! धडाधड! माझं म्हणणं कच्चंच काय, पार चुरा केला पोरीनं. आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या, पिठाच्या हातांनी.

"रविवारी तेरा चुकलीस ना गं?" म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. लाल झाली, कानापर्यंत. तव्यावरचा प्लोय करपला तरी दोघींपैकी कुणी उलटला नाही.

"आजी—"

"गोदामात मी एकवीस वर्षं होते. मुद्दाम टाकलेला मला कळतो."

मग तिनं डोकं टेबलावर ठेवलं. मी केसांवरून हात फिरवला, सगळं पीठ लागलं. शेवटी तशीच खाली बघत म्हणाली, "खोलीचं खरं आहे का?"

"खरं धर," म्हटलं.

"तसं नको. खरं सांग."

"अ‍ॅनिकला विचार," म्हटलं. तोंडातून गेलं! आता काय करू? अ‍ॅनिकला तर काहीच ठाऊक नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

अ‍ॅनिकला आधी गाठायचं म्हणून सकाळपासून फोन करत होते. उचलेचना, कामावर होती. आली तीही नेमकी वेंडलबरोबर. टोपीसुद्धा काढली नव्हती तर जोझेटनं विचारलं, "आजीनं तुमच्याकडे खोली घेतलीय?"

मी शेगडीकडे तोंड करून उभी.

अ‍ॅनिकनं टोपी काढली. किती सावकाश! मग म्हणाली, "कोपऱ्यातली. नदी दिसते खिडकीतून. तुला सांगितलं नव्हतं का आजींनी?"

देव तिचं भलं करो. वेंडल मध्येच, "काकू, मग ही शेगडी कोण नेणार?" मी म्हटलं, "तू अभ्यास कर."

आज जोझेटनं 'कच्चं करा'वाले सोळा सोडवले. एकही चुकला नाही. वेंडल पेपर उलटासुलटा करून बघत होता. अ‍ॅनिक माझ्याकडे बघत होती.

निघताना दारात हळूच म्हणाली, "आजी, खोली नाहीये हो."

"मला माहीत आहे गं."

"मग ऑगस्टात काय करणार?"

"ती गेली की मी इथेच राहणार, गपचूप. पोर्टलंडहून कोण येतंय बघायला!"

बूट घालत बसली, उगाचच खूप वेळ.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे चारला तिघं वेंडलच्या गाडीतून बँगरला गेले. डब्यात बीन्स आणि पाव दिला. दिवसभर घर खायला उठलं. खोपटातून सरपण मीच आणलं. एकेक ओंडका. तिसऱ्या खेपेला पायरीवर बसावं लागलं, दहा मिनिटं. कुणाला सांगायचं नाही.

९ फेब्रुवारी

काय लिहिलं, काही सांगत नाहीत. वेंडल म्हणतो, एका प्रश्नात मांजर होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लागला निकाल! जोझेट शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांच्या पुढे!! फीसुद्धा माफ होईल म्हणतात. अ‍ॅनिकचंही जमेल, पण ती पुढच्या वर्षी जाणार, आधी पैसे साठवणार. वेंडलचं नाही झालं. "काकू, माझं म्हणणं मुळातच कच्चं होतं," म्हणाला आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला. घरून केक घेऊन आला होता बिचारा, 'अभिनंदन जोझेट' असं आधीच लिहून घेतलेला.

जोझेटनं मला उचलून फिरवलं. सत्तेचाळीस किलोची तर राहिलेय मी. कानात म्हणाली, "तू तिथे राहणार म्हणून जातेय. नाहीतर नसते गेले."

सगळे गेल्यावर बशी धुवायचंही त्राण नव्हतं. आनंदानंही माणूस इतकं दमतं, हे मला ठाऊक नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी अ‍ॅनिकचा फोन. चार नंबरच्या बाई मंगळवारी गेल्या. रांगेतल्या पहिल्या तिघांनी हिवाळ्यात हलायला नाही म्हटलं, तिनं साहेबांकडून ती खोली माझ्यासाठी आजच्यापुरती अडवून ठेवलीय. "नोव्हेंबरात जोझेट सुट्टीला येईल, आजी. तुम्ही इथेच दिसलात तर ती परत जाईल का?"

शेगडीत दोन ओंडके घातले. मग हो म्हणून सांगितलं.

जोझेटला सांगितलं, खोली लवकर मिळाली. ती खूश. वेंडल आणि अ‍ॅनिक रविवारी दोनला येतो म्हणालेत, सामान भरायला खोकी घेऊन.