‘मला माहीत नाही’ असं बाबांनी लिहिलं

मोरबी, ११ जानेवारी २०२६

ती. बाबास,
रुपेशचा जयभीम. आईनं शिकवला म्हणून लिहितो, मनात नाई.

आणि मंग जबाब काऊन नाई बदलणार? परवा फोनवर तुम्ही तेच म्हटलं, त्याच्या आधीही तेच. म्हणून मी फोन आपटला आणि तुमचा नंबर बंद करून टाकला. तुमचा आवाज ऐकला का माझं डोकं फिरते. कागदावर तुम्हाले मधात बोलता येत नाई, म्हणून लिहून राह्यलो. इथं टाईलच्या भट्टीसमोर उभं राहून मले बरं वाटते, कारण ती माझ्यापेक्षा जास्त तापलेली रायते.

गाव तुम्हाले पोलीस पाटील म्हणते. मेघा तुम्हाले बाबा म्हणते. त्या दिवशी ठाण्यात या दोघांतून कोण गेलतं, ते मले सांगा. सायबानं विचारलं का तुमच्या पोरीचं लेकरू जिवंत जन्मलं का मेलेलं, आणि तुम्ही लिहून देल्लं, मला माहीत नाही. बापालेच माहीत नाई, मंग सरकारी वकिलाले अजून काय पाह्यजे? जज सायबानं तेच वाचून तिचा पयला जामीन फेटाळला, असं आपल्या वकील पौर्णिमाताई मले फोनवर म्हणाल्या.

आणि तो विवेक, तुमचा शिकलेला जावई. बोरगाव मेघेत पंख्याखाली बसून म्हणते का मेघानं मुद्दाम पाडलं आणि लपवून पुरलं. कशावरून, तर माहेरी निघून यायच्या आधी भांडणात ती एकदा बोलली होती का तुमच्या घरात मले लेकरू जन्माले घालायचं नाई. रागातलं बोलणं ते. मी तर रागात घर जाळतो म्हणून किती वेळा बोललो, मले कोणी धरलं? त्याले जाऊन दोन ठेवून येतो म्हटलं तर तुम्ही मले कलम सांगता.

लिहा का मेलेलंच होतं. एवढं एक वाक्य. नाई लिहिलं तर मी समजेन का आई गेली त्याच दिवशी माझे दोघंही गेले. माया ठेवायची असंल तर मेघावर ठेवा, माझ्यावर नसली तरी चालते.

रुपेश


ता. कारंजा (घाडगे), १९ जानेवारी २०२६

चि. रुपेश यास,
बापाचे आशीर्वाद, घेशील तर.

तुझं पत्र पोचलं. पाकीट नीट चिकटवलं नव्हतं, म्हणजे तुझ्या शिव्या मोरबीपासून इथपर्यंत सगळ्यांनी वाचल्या असतील. सातवीतून पळालास, पुण्यातून पळालास, सुरतेतून पळालास. आता पत्रातून तरी पळू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी त्या दिवशी वर्ध्याला बैठकीत होतो. गाव कापसात होतं. संध्याकाळी घरी आलो तर मेघा रक्तात पडलेली. चंद्रभानची जीप काढून तिला दवाखान्यात मीच नेलं, हे तू विसरतोस. डॉक्टरांनी लेकरू कुठे आहे विचारलं. ती म्हणाली, नाल्यापलीकडे पुरलं. त्यांनी ठाण्याला कळवलं, ते त्यांचं काम. ठाण्यानं मला विचारलं, ते त्यांचं काम. मी जे पाहिलं तेवढंच सांगितलं, ते माझं काम.

तू म्हणतोस, एक वाक्य लिहा. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहून देणारे या मुलखात काही कमी झाले नाहीत. त्यांच्या एकेका वाक्यावर आपली माणसं तुरुंगात सडली. तुझ्या आज्यानं त्यातलं भोगलं. आपल्या वस्तीतला या गावचा पहिला पोलीस पाटील मी आहे, तो काय लेकीची वेळ आली म्हणून तेच करायला? शिवाय उलटतपासात विचारतील, तुम्ही तर वर्ध्याला होता. मग माझं खोटं मेघाच्याच माथी बसेल. लेकरू तपासणाऱ्या डॉक्टरांनीही निश्चित सांगता येत नाही असंच लिहिलं आहे. त्यांच्यावर तू भट्टी पेटवत नाहीस.

विवेकच्या वाटेला जाऊ नकोस. एक लेक आत आहे, तेवढं पुरे. जेवण वेळेवर कर. माझा लोभ आहे, त्याला तुझी परवानगी लागत नाही.

श्रावण


जेल, २४ जानेवारी २०२६

रुपेशदादा,
मेघाचा जयभीम. कागद एकच मिळाला म्हणून बारीक लिहिते. हे पत्र तुझ्या आधी इथले सायब वाचतील. वाचू दे, त्याहीले कळू दे.

तू आणि बाबा माझ्यावरून भांडून राह्यले, हे पौर्णिमाताईनं सांगितलं. भांडा. मी इथं ऐकाले नाई, तेवढंच सुख. बराकीत बाया माझ्या ताटाजवळ ताट ठेवत नाई. एकजण नवऱ्याले मारून आली, ती मले म्हणे का तुझ्यापेक्षा मी बरी. दूध आलं तेव्हा कोणी जवळ आलं नाई. मीच ओढणी करकचून बांधून घेतली. आता थांबलं.

कोणी विचारत नाई म्हणून तुले सांगते. सातवा सरून राह्यला होता. दुपारी एकदम कळा आल्या. ओरडली, पण गावात होतं कोण? एक कुत्रं तेवढं दारात येऊन पाहून गेलं. लेकरू आलं ते निळंच. पाठीवर थापलं, तोंडात फुंकलं, गार पाणी मारलं. नाई रडलं. मांडीवर घेऊन बसली, वाटलं आता रडंल, मंग रडंल. आई म्हणायची का न रडलेलं लेकरू दिवा लागायच्या आत मातीत गेलं पाह्यजे, नाई तर त्याले घराची सवय लागते. बाबा तेव्हा तिच्यावर चिडायचे, काय अंधश्रद्धा म्हणून. पण घरात ती नाई, बाबा नाई, मले दुसरं काय येत होतं? तिच्याच पातळात गुंडाळलं आणि पावडं घेऊन गेली. सडकेनं गेली, दादा. लपवायचं असतं तर उन्हात सडकेनं गेली असती का?

आता तुझं. बाबाले खोटं बोलाले लावू नको. ते बोलले तर मीच कोर्टात उठून म्हणीन का हे नव्हते तिथं. मले त्याचा राग नाई. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ते भेटाले दोनदा आले. जाळीपलीकडून तारखेचं बोलले, गोळ्या घेते का विचारलं, स्वेटर देल्लं. लेकरू कसं होतं ते नाई विचारलं. माहीत नाई तर माहीत करून घ्या ना. मी होती तिथं.

मुलगी होती. तूही नाई विचारलं.

तुझी माया असू दे, पण ओरडून नको.

मेघा


मोरबी, १ फेब्रुवारी २०२६

ती. बाबास,
जयभीम.

मेघाचं पत्र आलं. वाचलं आणि काम सोडून फाटकाबाहेर जाऊन बसलो. मुकादम शिव्या देत आला, माझं तोंड पाहून परत गेला.

गावात कोणाची बकरी मेली तर तुम्ही पंचनाम्याले जाता. तिथं दहा लोकायले विचारता का कधी मेली, काय खाल्लं होतं, कोणी पाह्यलं. शेजाऱ्यालेही विचारता, त्याच्या शेजाऱ्यालेही विचारता. आणि स्वतःच्या पोरीले जाळीपलीकडून स्वेटर देऊन आले! तुम्ही म्हणता न पाह्यलेलं लिहीत नाई. ठीक आहे, नका लिहू. पण जिनं पाह्यलं तिले तर विचारा. का तुम्हाले भेव वाटते का ती काय सांगंल?

मुलगी होती, बाबा. हे मी मोरबीतून तुम्हाले कळवून राह्यलो. तुम्ही मले कळवायचं होतं.

मीही नाई विचारलं, ते मले माहीत आहे. पण मी सातवीतून पळालेला, तुम्ही पाटील.

जा. विचारून या. मंग माहीत नाई म्हणायचं असंल तर खुशाल म्हणा. तोवर लोभाचं लिहू नका, मी ते वाक्य वाचत नाई.

रुपेश


ता. कारंजा (घाडगे), १४ फेब्रुवारी २०२६

चि. रुपेश यास,
आशीर्वाद.

मी गेलो. विचारलं. मेघानं सगळं सांगितलं, हातानं दाखवलंही, एवढी होती म्हणून. नाक तुझ्या आईसारखं, सीतासारखं होतं म्हणाली. मुलाखतीची वेळ संपली तरी शिपाईबाईंनी आम्हाला उठवलं नाही. तू लिहिलंस ते खरं आहे, मला भेव वाटत होतं. पण ती काय सांगेल याचं नाही.

तुला ठाऊक नाही. तुझ्या आधी सीताला एक मुलगा झाला होता. तोही रडला नाही. दिवस बुडायच्या आत मीच त्याला टोपल्यात घालून नाल्यापलीकडे नेलं. कोणाला बोलावलं नाही. ठाण्यातून कोणी आलं नाही. सीताला गप्प राहा म्हटलं, आणि पुढं तिनं ती रीत सांगितली की मी अंधश्रद्धा म्हणून ओरडायचो, म्हणजे विषय तिथंच संपायचा. मेघाच्या लेकीला पोलिसांनी उकरून काढलं तेव्हा जागा दाखवायला मला उभं केलं होतं. खोदणाऱ्याला मी एवढंच म्हणालो की उजवीकडे खोदू नको. का, ते कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ते आता शपथपत्रात लिहून दिलं. जुना जबाब बदलला नाही, मी पाहिलं नाही हे खरंच आहे. त्याखाली जोडलं की मेघाला मी आता विचारलं आणि तिनं असं असं सांगितलं. माझा मुलगा मी असाच पुरला. गावात न रडलेली लेकरं अशीच जातात, पोलीस पाटील झाल्यावरही मला ते ठाऊक होतं आणि मी एकदाही ठाण्याला वर्दी दिली नाही. ही लपवाछपवी असेल तर पहिला आरोपी मला करा, असं लिहिलं. माझ्याशिवाय कोणाचं नाव लिहिलं नाही.

तरी गाव उलटलं. चंद्रभानला म्हटलं, तुझंही एक तिथं आहे, कोर्टात येऊन रीत तेवढी सांग. त्यानं टपरीवर सगळ्यांदेखत मला विचारलं की स्वतःच्या घरचं उकरून पोट भरलं नाही का. तेव्हापासून तो बोलत नाही. बाकीची दारं मी जाण्याआधीच बंद होतात. काल कोणीतरी आपल्या ओट्यावर शेण टाकून गेलं. वरून माझ्या निलंबनाचा कागदही आला. त्यात चूक काही नाही, वर्दी दिली नव्हतीच.

पौर्णिमाताईंनी ते शपथपत्र कोर्टात वाचलं. विवेकचे वकील म्हणाले, बाप आहे, लेकीसाठी काहीही लिहील. जज साहेबांनी त्यांना विचारलं की लेकीसाठी लिहायचं होतं तर या माणसानं पहिला जबाब तसा कशाला दिला असता? जामीन मंजूर झाला. खटला चालणार आहे, ते सुटणं नव्हे.

पण मेघा अजून आतच आहे. जामीनदार लागतो, आणि सातबारा घेऊन कोर्टात यायला गावातला एकही माणूस तयार नाही. आपल्याकडे शेत नाही, हे तुला माहीत आहे. ताईंनी अर्ज करून जामीनदाराऐवजी वीस हजार रोख भरायची परवानगी मिळवली. माझ्याकडचे पैसे स्वेटर, जीप, टपाल, कागद यात गेले. तुझ्याकडे मागत नाही. कळवतो.

त्या मुलीला तपासणीनंतर त्यांनी परत दिलं. मी तिला तिथेच ठेवलं, तुझ्या भावाशेजारी.

लोभाचं वाक्य लिहीत नाही. तू वाचत नाहीस.

श्रावण


मोरबी, २२ फेब्रुवारी २०२६

बाबा,
जयभीम.

सव्वीस वर्षं तुम्ही मले थोरला थोरला करून बडवलं. थोरला असून शाळा सोडली, थोरला असून घरी राह्यत नाई. आणि मी थोरला नव्हतोच! हे आईले माहीत होतं, तुम्हाले माहीत होतं, नाल्याले माहीत होतं. मलेच नाई. कोणाच्या वाटचे मार खाल्ले म्या?

माझा राग गेला असं समजू नका. तुम्ही खरं लिहिलं म्हणून तुमच्या पाया पडू का? तेच खरं डिसेंबरात लिहिलं असतं तर मेघानं तिथं एकटीनं ओढणी बांधली नसती. तुम्ही सारं आयुष्य दुसऱ्याच्या मेलेल्याचा हिशोब ठाण्यात देल्ला आणि आपला पोटात ठेवला. माणूस असा कसा रायते ते मले समजत नाई. तुमचा नंबर बंदच राह्यन.

चंद्रभानकाकाले सांगा का शेण त्यानं टाकलं नसंल तर ज्यानं टाकलं त्याले तो ओळखते. विवेकचं मी कोर्टानंतर पाहीन. भेऊ नका, हात लावणार नाई. फक्त त्याच्या दारासमोर उभं राहून मोठ्यानं विचारीन का मुलगी होती का मुलगा, तुले माहीत आहे का. मी पैजेवर सांगतो, त्यानंही विचारलं नसंल.

मेघा घरी आली का तिले एकटं कापसाच्या दिवसात तर सोडूच नका, पण आताही सोडू नका. ती बोलली तर ऐका. नाई बोलली तर तुम्ही बोला, त्या पोराचं सांगा तिले, आईचं सांगा. मधात कलम आणू नका. गावानं पाणी बंद केलं तर दोघं कारंज्याले खोली करून राहा. हायवेवर धाब्यावर माझा दोस्त आहे रजत, त्याले माझं नाव सांगजा, तो खोली पाहून देईन.

मी येत नाई. ठेकेदाराकडून उचल घेतली, ती फिटेपर्यंत त्यानं माझं आधार कार्ड ठेवून घेतलं. या वेळी पळता येणार नाई. उन्हाळा इथंच, भट्टीसमोर.

तुमचा दुसरा पोरगा,
रुपेश

ता. क. पैसे पौर्णिमाताईच्या खात्यात टाकले, तुमच्या नाई, तुम्ही पावतीपायी एक दिवस घालवाल आणि ती एक दिवस जास्त आत राह्यन. उद्याच भरा म्हणून त्याहीले फोन केला आहे. रुपये वीस हजार.