पिशवीच्या आतले थेंब

लोणावळा, मंगळवार संध्याकाळ

पिशवीच्या आतले ते थेंब डोळ्यांपुढून हलत नाहीत. माझ्या धाकट्या दिराने, विलासने, काल चिक्की गरम असतानाच पिशव्यांत भरून बांधली. कारण काय, तर दुकानदाराची गाडी दारात उभी होती! आज सगळा माल परत आला. पिशवीवर छापलेलं नाव माझं, आत मऊ, चिकट गोळे. आणि हा दुकानदारासमोर म्हणतो, "वहिनींचा पाक कच्चा राहिला."

माझा पाक? क्षणभर मलाही शंका आली, त्याचाच जास्त राग येतोय. त्याच कढईतली थोडी चिक्की मी गार करून डब्यात ठेवली होती. दुकानदारासमोर तुकडा मोडला. कट्कन मोडला. मग पिशवी उजेडात धरून थेंब दाखवले. सांगितलं, गरम वाफेचे कण सैरावैरा पळतात. थंड प्लास्टिकला लागले की मंदावतात, एकमेकांना धरतात आणि पाणी होतं. तेच पाणी गुळाने ओढलं.

"झालं, वहिनींचं कॉलेज भरलं," विलास हसला.

दुकानदार हसला नाही. "ताई, तुम्ही स्वतः भरणार असाल तरच पुढचा माल घेतो."

चुकलं म्हणाला का विलास? नाही. चहा पिताना म्हणे, "हवाच दमट हो, वहिनी."

उद्यापासून पॅकिंगच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. आणि थेंबांची एक पिशवी त्याच्या खुर्चीसमोर खिळ्याला टांगली आहे. तोंड घट्ट बांधलंय. थेंब इतक्यात वाळायचे नाहीत.