सात किलोंच्या वर

आरमोरी, १८ ऑक्टोबर २०२४

चि. संघपाल यास अ. उ. आ.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. अशोक विजयादशमीला आलास आणि दोन दिवसांत उडालास. आगगाडीने यायचास तेव्हा दिवसभर प्रवास व्हायचा, पण पंधरा दिवस राहायचास. जाताना नवा तांदूळ, लाखोळीची डाळ, सगळं सिटाखाली मावायचं. आता लवकर येतोस आणि लवकर जातोस, त्यात माझा काय फायदा?

जाताना दिलेली वाकळ पांघरतोस ना? आत तुझ्या बाबांची जपून ठेवलेली दोन धोतरं आहेत, वरून माझं हिरवं लुगडं. मला सुईचं भोक दिसत नाही, शेजारची निशा दोरा ओवून द्यायची. टाके वाकडे आले असतील, हसू नकोस.

माया असू दे.
तुझी आई

बेंगळुरू, २७ ऑक्टोबर २०२४

ती. आईस सप्रेम जयभीम.

विमान आता एसटीसारखंच झालं आहे. रांगा, रेटारेटी, गुडघे समोरच्या सिटाला, पाणीसुद्धा विकत. सगळ्यात स्वस्त तिकिटावर सात किलोंच्या वर सामान फुकट नेऊ देत नाहीत. पण तिकिटं इतकी स्वस्त झालीत की तू नुसती हाक मार, संध्याकाळी आरमोरीत हजर होतो. वाकळ फार ऊबदार आहे. रोज पांघरतो.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा संघपाल

आरमोरी, ९ जानेवारी २०२५

चि. संघपाल यास आशीर्वाद.

फोनवर तू बघतो म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते. आईचा ताप उतरत नाही. दोन चादरी घातल्या तरी कुडकुडते. सारखी म्हणते, संघपालले सांग, येतानी वाकळ घेऊन ये, तिच्यात तुह्या बाबाची ऊब हाये. तूच लिहिलं होतंस, नुसती हाक मार. तिने मारली आहे. लगेच निघ.

तुझी ताई, नूतन

बेंगळुरू, १६ फेब्रुवारी २०२५

सौ. नूतनताईस सप्रेम जयभीम.

विमान होतं म्हणून मातीला तरी पोचलास, असं मामा मला म्हणाले. मी खाली मान घातली. शेवटच्या दिवशी तू वाकळेचा विषय काढलास तेव्हा आई म्हणाली, राहू दे त्याच्यापाशी, त्याले तिथी कोण पांघरून घालते. हे तू सांगितल्यापासून मला झोप नाही. आता आठवण म्हणून तू ती वाकळ मागतेस. ताई, ती इथे कधी पोचलीच नाही.

ऑक्टोबरात परतताना विमानतळावर बॅग सात किलोंच्या वर भरली. मागची रांग कुरकुरत होती. जास्तीचे पैसे भरता आले असते, पण मी वाकळ काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. तुझं पत्र आलं तेव्हा तिकीट मिळत होतं, सुट्टीही होती. वाकळेशिवाय आईसमोर कसा उभा राहू, म्हणून आलो नाही.

काउंटरवरच्या मुलीने मला थांबवून विचारलं होतं, ही तुमची का. मी नाही म्हणालो.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.
संघपाल