बोटातलं अंगुस्तान

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप मिळाला. तू पुन्हा कामावर रुजू होणार, छोटीला माझ्याकडे ठेवणार आणि जावईबापू स्वतः तिला आणून सोडणार, हे वाचून मी हरखून गेले. लगेच खोली आवरायला घेतली. मशीन खिडकीकडे सरकवलं, सुया-टाचण्या वरच्या फळीवर टाकल्या. तुझ्या वेळी एवढी अक्कल नव्हती मला. तू टाचण्यांच्या डबीशी खेळत मोठी झालीस आणि तरी धडधाकट राहिलीस, हे तुझं नशीब. छोटीच्या फ्रॉकसाठी पिवळं मऊ कापडही आणलं. पण त्यानंतर जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. जरा निवांत बसून वाच.

माझी कामाची पद्धत तुला ठाऊक आहे. आधी लाल दोऱ्याने कच्चे टाके, मग गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघायचं, आणि मगच मशीन. मधल्या बोटात अंगुस्तान, त्या पितळी टोपीशिवाय मी साधं बटणही लावत नाही. आई आंघोळीलाही ते घालून जाते, म्हणून चिडवायचीस की मला. तर हल्ली माझ्याच टेबलावर असे कपडे सापडायला लागले, ज्यांना कच्चा टाका पडलेलाच नव्हता. सरळ कापलेले, सरळ शिवलेले, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा सफाईदार. बँकेतल्या बाईंचा कोट शिवायचा राहिलाय म्हणून मी हळहळत होते, तर त्या रस्त्यात भेटून म्हणाल्या, की कोट अगदी छान बसला, पण न्यायला आले तेव्हा तुम्ही इतकं तोडून का बोललात? मी हसून वेळ मारून नेली. वाटलं, वय झालं, डोकं ठिकाणावर राहत नाही. पण माझ्या मधल्या बोटाचं टोक बघशील तर सुईने टोचून टोचून त्याची चाळण झालीय. अंगुस्तान न घालता कुणीतरी माझ्या हाताने शिवत होतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं, एका माणसात दोन माणसं राहू शकतात का. वाटलं होतं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, क्वचित होतं असं. लहानपणी एखाद्यावर सोसवणार नाही असं काही आलं, की ते सोसायला मन दुसरंच कुणीतरी उभं करतं, आणि पहिल्याला त्याचा पत्ताही नसतो. मामाकडे काढलेली वर्षं मला आठवत नाहीत, हे तुला माहीत आहे. तिथे आठवण्यासारखं काही घडलंच नसेल, असं मी म्हणायची. आता वाटतं, ती वर्षं मी काढलीच नाहीत. मला वाचवायला ती दुसरी आली आणि मग गेलीच नाही. घरातल्या कुणाला कधी काही जाणवलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणाले. जिना उतरताना मात्र तू आठवलीस.

शाळेतून आलीस की तू दारातच थांबायचीस, दप्तर पाठीवर तसंच. आधी माझ्या हाताकडे बघायचीस. मग एकतर आत यायचीस, नाहीतर उलट्या पावली खालच्या बेकरीवालीकडे जाऊन बसायचीस. मला वाटायचं, पोरीला पावाचा नाद लागलाय. एकदा तू मला विचारलंस, आज तू कोणती आई आहेस? ते मी वर्षानुवर्षं सगळ्यांना गंमत म्हणून सांगत आले. तू त्यावर कधी हसली नाहीस. अंगुस्तान बघत होतीस ना गं तू? आणि तुझ्या कोपरावरचा तो डाग. तू इस्त्रीवर पडलीस असं मी आजवर सांगत आलेय, पण तुला पडताना पाहिल्याचं मला काही केल्या आठवत नाही. तू एका शब्दाने बोलली नाहीस. एवढंसं पोर, कुणाकुणाला सांभाळून घेत होतीस.

परवा दुपारी जेवून फ्रॉक कापायला बसले, एवढं आठवतं. भानावर आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि फ्रॉक माझ्या मांडीवर तयार होता. सुरेख झालाय. बारीक झालर लावलीय, घेर छान पडलाय. पण गळा शिवून बंद केलाय. दोन्ही बाह्यांची तोंडंसुद्धा. टाका इतका बारीक की उसवायला सुई शिरत नाही. आणि माझ्या बोटात अंगुस्तान होतं. आजवर ती ते घालत नव्हती, त्यावरूनच तू तिला ओळखायचीस. आता ती ते घालायला शिकलीय.

म्हणून लिहितेय. छोटीला पाठवू नकोस. डॉक्टरांनी दवाखान्यात राहायला सांगितलंय आणि मी हो म्हटलंय, पण जायच्या दिवशी उठेल ती मीच असेन, हे कुणी सांगावं? कदाचित तुला फोन येईल. मी गोड बोलेन, ते पत्र तापाच्या भरात लिहिलं म्हणेन. ऐकू नकोस. अंगुस्तान या पाकिटात घातलंय, ते तुझ्याकडे ठेव. आता कुणाच्या हाताकडे बघून ओळखत बसायचं नाही. दारात कशीही उभी राहिले, रडले, छोटीला एकदा लांबून बघू दे म्हणाले, तरी दार उघडू नकोस. रडणारी मीच असेन कदाचित. तरीही उघडू नकोस.

तुझीच,
निदान हे पत्र पेटीत पडेपर्यंत तरी,
आई