काजाचा उलटा टाका

२ मार्च

चि. सौ. चिंगीस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेला फ्रॉक धाकटी अंगातून काढेना, आणि तिथेच घात झाला. परवा तुझा नवरा आमच्या शिलाईच्या दुकानात आला, तेव्हा ती टेबलावरच बसली होती. त्याने फ्रॉकचं काज उलटून पाहिलं आणि म्हणाला, टोकाला असा उलटा टाका एकच बाई घालते, ती कुठाय? मी म्हटलं, बाजारातून आणलाय. त्याला काही पटलं नाही. तुझा पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे, तेव्हा देशाबाहेर गेली नसणार, असं तो छातीठोकपणे सांगत होता.

बाई गं, नाव बदललंस, देश बदललास, आता टाकाही बदल. मागच्या वेळी त्याने तुझा हात मोडला होता. आता सापडलीस तर तेवढ्यावर भागणार नाही. मला झोप लागत नाही.

जपून राहा, खुशाली कळव.
तुझा दादा

१९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

आधी भांडण. ते ‘सौ.’ खोड! वकीलबाईंनी रीतसर नवं नाव मिळवून दिलं, त्या नावाचा दुसरा पासपोर्ट हातात ठेवला, आणि तू एका अक्षरात मला परत त्याच्या घरात नेऊन बसवलंस. त्याच्या कपाटात आहे ती बाई खुशाल कुलपात राहू दे. मी तिला ओळखत नाही.

इथे कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. मालकीणबाईंनी नव्या नावाने हाक मारली की सुरुवातीला मी ओच द्यायचे नाही. मी बहिरी आहे असं समजून त्या ओरडून बोलायला लागल्या, त्या अजून ओरडतातच. खरं सांगायची सोय नाही. हसू नकोस.

पण टाका बदलणार नाही. केस कापले, सही बदलली, तुझ्या दारात यायचं सोडलं. किती सोडायचं रे माणसाने? हा टाका आईने माझी बोटं धरून शिकवला. त्याच्या दुकानात मी राबले आणि त्याने वर आपली लेबलं लावली. आता बोटंही त्याला विचारून चालवू? मुळीच नाही. यापुढे एकाऐवजी दोन घालीन.

वहिनीस नमस्कार, धाकटीला पापा. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी हट्टी चिंगी

७ जून

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

‘सौ.’ गेलं. आता खूश?

तुझं पत्र वाचून आधी चिडलो, मग टाका शिकायला म्हणून फ्रॉकचं एक काज उसवायला घेतलं. धाकटीने घर डोक्यावर घेतलं. आई शिकवायची तेव्हा मी खेळायला पळायचो, त्याचा चांगलाच घाम निघाला. वहिनीला माझ्याआधी जमलं, हे तिने गल्लीभर सांगितलं. मग आमचे कारागीर शिकले, त्यांच्याकडून शेजारचे शिंपी. कुणी विचारलं तर सांगतो, नवी फॅशन आहे.

काल तुझा नवरा पुन्हा आला. दोरीवरच्या शर्टांची काजं पाहिली, गिऱ्हाइकांची पाहिली, रस्त्यावरच्या माणसांचीही पाहिली. मग आरशात त्याचं लक्ष स्वतःच्या छातीवरच्या काजांकडे गेलं, तिथेही तोच टाका. तो शर्ट त्याच्याच दुकानात शिवलेला होता, वर त्याचंच लेबल.

मी विचारलं, हा कुणी शिवला हो? छातीवरची काजं हाताने झाकून तो चालता झाला.

तू खुशाल दोन घाल. आम्हीही उद्यापासून दोन घालतो.

तुझा दादा