गॅस बंद, ओके

प्रिय पप्पा,

मी खाली पार्किंगमध्ये कंपनीच्या बसची वाट बघत बसलेय. आई वर एकटी आहे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्यावर पट्टी आहे, गोळी घेऊन झोपलीय. तिला चहा करून दिला, गॅस बंद केला, एकदा बघितला आणि निघाले. लिफ्ट खाली पोचेपर्यंत तो आलाच. नक्की बंद केलास का? बघितलास खरा, पण नीट बघितलास का?

तो म्हणजे कोण, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आज वर जायचं नाही असं ठरवलंय, म्हणून फोनवर तुम्हाला लिहीत बसलेय. हात रिकामे राहिले तर पाय लिफ्टकडे वळतील.

तुमच्या कंपनीत लाइनवर एक नियमच होता ना? व्हॉल्व्हकडे, मीटरकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "बंद, ओके." तुम्ही तो नियम घरी आणलात. गॅस बंद, ओके. गिझर बंद, ओके. मीही लहानपणी बोट उगारून तुमच्यामागे फिरायचे, मजा वाटायची. कंपनीनं तुम्हाला सेफ्टीचं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा दिला तेव्हा आपण अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. कशाचे पेढे वाटतोय, हे आपल्यापैकी एकालाही कळलं नाही.

मग एकदा म्हणून भागेना. तुमची बस चुकायला लागली, तुम्ही बाइक काढलीत. तरी गेटापासून परत यायचात. "रुमाल राहिला गं, सोने," म्हणत सरळ स्वयंपाकघरात. रुमाल खिशातून डोकावत असायचा, पप्पा. मी काय आंधळी होते? एका शब्दानं तरी बोलायचंत.

काका म्हणाले, मन थाऱ्यावर नाही, जप कर. तुम्ही जपाला बसलात, तर तोही नीट झाला नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेजारचे हसायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणायचे. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. तो राक्षस आपल्या ओट्याशी उभा होता आणि आम्ही त्याला तुमचा स्वभाव समजत होतो.

शेवटी आईनंच तोडगा काढला. तुम्ही निघालात की ती गॅसच्या बटणाचा फोटो काढून पाठवायची. तुम्ही तळवड्याला बाइक थांबवून तो बघायचात आणि पुढे जायचात. घरात जरा शांतता आली. आम्हाला वाटलं, सुटलो. खरं तर आम्ही त्याला रोज जेवू घालत होतो.

त्या दिवशी आईचा फोन चार्जिंगला होता. फोटो गेला नाही. निघोज्याच्या फाट्यावर तुम्ही बाइक मागे वळवलीत आणि कंटेनर आला.

गॅस बंदच होता, पप्पा. पोलिसांचा फोन आला तेव्हा रडायच्याही आधी मी ओट्याकडे बघितलं होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, तो कुठे मुक्कामाला आलाय ते.

मागच्या महिन्यात मी तळवड्याला बसमधून उतरले, रिक्षा केली आणि घरी आले. ओट्यासमोर उभी राहिले तर माझं बोट वर होतं आणि तोंडात तुमचेच शब्द. आवाजही तुमचाच वाटला. इतकी घाबरले की खालीच बसले.

आता निगडीला एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, हा आजार आहे, स्वभाव नाही." एकदाच बघायचं आणि निघायचं. परत बघावंसं वाटलं तर लगेच उठायचं नाही, टाळत राहायचं, आज थोडा वेळ, उद्या जास्त. कोणाला विचारायचं नाही. मनातल्या मनात आठवून खात्री करायची नाही, तीसुद्धा तपासणीच. असेल उघडा, नसेल उघडा, असं म्हणायचं आणि त्याला दारात बसू द्यायचं, फक्त चहा विचारायचा नाही. भीती चढते, आणि आपण काही केलं नाही तर आपली आपण उतरते. मी बाथरूमच्या दिव्यापासून सुरुवात केली, मग कपाटाचं कुलूप. आज पहिल्यांदा गॅस.

मी त्यांना विचारलं, "आणि खरंच उघडा राहिला असला तर?"

"पूर्ण खात्री कोणालाच मिळत नाही," त्या म्हणाल्या. "मलाही नाही."

राग आला मला त्यांचा. अजून आहे. तुम्हाला हे कोणी वेळेवर सांगितलं असतं तर, असंही वाटतं, आणि मग तर जास्तच राग येतो.

थांबा, आईचा मेसेज आलाय. फोटो आहे.

मी मागितला नव्हता. तुम्ही गेल्यापासून तिचा फोन चार्जिंगला नसतो, सतत हातात असतो. मी बाहेर पडले की ती न विचारता फोटो पाठवते. पण आज ती झोपली होती ना? मग उठली कशाला? बटण बंद दिसलं म्हणून पाठवलाय, की उघडं सापडलं म्हणून? वास आला का तिला? एक बोट लावलं की कळेल.

बस गेटातून आत वळलीय. वर बघायचं नव्हतं, पण बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी बंद आहे, त्यावरून काहीच ठरत नाही.

पप्पा, मी फोटो उघडणार नाही. संध्याकाळी आईजवळ बसेन, तिचा हात धरेन आणि सांगेन की पप्पा गेले ते फोटो गेला नाही म्हणून नव्हे, आणि आता मला एकही पाठवू नकोस. ती रडेल. रडू दे. निघोज्याचा फाटा येईल तेव्हा तुमची आठवण काढेन, पण वळणार नाही. तुम्ही जिथून परत फिरलात, त्याच्या पुढे मी आज जाणार आहे.

खिडकी अजून बंदच आहे. मी बसमध्ये चढतेय.

तुमच्यामागे बोट उगारून फिरणारी,
सोनाली